बडोद्यात एमए-एमएस्सीला येताय? तर मग हे आधी वाचा

मी मूळची शहाद्याची. पुरातत्त्वात एमए करायला बडोद्याला आले, पुढे पीएचडीही इथेच केली आणि आता इथेच राहते. दर वर्षी बारावीचे, बीएचे निकाल लागले की खानदेशातून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "ताई, पोरीला बडोद्याला पाठवतोय, जरा सांग ना काय काय करायचं ते." फोनवर अर्धं राहून जातं. म्हणून महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला येणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक हिशेब मांडू. दोन वर्षं म्हणजे चार सत्रं, असं आपण धरून चालतो. पण पहिल्या सत्राचा महिना-दीड महिना प्रवेशाच्या धावपळीत जातो, लगेच नवरात्र आणि दिवाळी येते. शेवटचं सत्र लघुप्रबंध आणि नोकरीचे अर्ज खातात. हातात उरतात जेमतेम चौदा-पंधरा महिने. आणि मोठ्या संधींचे अर्ज असतात पहिल्याच वर्षाच्या पावसाळ्या-हिवाळ्यात. "आधी जरा रुळू दे, मग बघू" म्हणणारी हुशार मुलं इथे मागे राहिलेली मी पाहिली आहेत.

पायरी पहिली: अर्ज आणि कागद

गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४ पासून जीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून होतात. एकदा नोंदणी करायची, मग विद्यापीठ आणि विषय निवडायचा. आपलं नाव आधारकार्डावर, दहावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर सारखं आहे ना, हे नोंदणीआधी बघा. एका ठिकाणी आईचं नाव, दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अर्ज अडकतात.

गुजराती येत नाही म्हणून घाबरू नका. हे राज्य विद्यापीठ असलं तरी इथे शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे. १९४९ साली विद्यापीठ झालं तेव्हापासून देशभरातून मुलं इथे येत आली आहेत.

कागदांत सगळ्यात दगा देतं ते मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलताना लागणारं प्रमाणपत्र. मी येताना कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, आणला आणि वाटलं झालं काम. टीसी कॉलेज देतं आणि मायग्रेशन आपलं जुनं विद्यापीठ देतं, हे दोन वेगळे कागद आहेत, ते मला खिडकीसमोर उभी राहिल्यावर कळलं. हमीपत्र लिहून प्रवेश मिळाला, पण वडिलांना एसटीने दोन खेपा घालाव्या लागल्या आणि एक दिवसाची मजुरी दोनदा बुडली. म्हणून सांगते, पदवीचा निकाल हातात आला की त्याच आठवड्यात मायग्रेशनचा अर्ज टाका. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, टीसी, मायग्रेशन यांचे मूळ कागद एका फायलीत, आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स दुसऱ्या फायलीत. फोनमध्ये स्कॅन करून ठेवा, तेही कॅमेऱ्याने काढलेले वाकडे फोटो नकोत.

जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. राज्य विद्यापीठांतल्या राखीव जागा साधारणपणे त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. महाराष्ट्राचा दाखला इथे प्रवेशात चालेलच असं गृहीत धरू नका, अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात विचारा. दाखले मात्र सोबत आणाच, शिष्यवृत्तीला लागतात.

कचेरीतली भाषा कानाला ओळखीची वाटते, पण जपून. 'दाखलो', 'अरजी', 'सही' हे आपलेच शब्द. मात्र 'आवक' म्हणजे इथे उत्पन्न. 'आवकनो दाखलो' मागितला की आवक-जावक विभाग शोधत फिरू नका, उत्पन्नाचा दाखला काढा. 'वादळी' म्हटलं तर निळा, 'लीलो' म्हटलं तर हिरवा. मला एकदा 'वादळी फॉर्म' आणायला सांगितलं होतं आणि मी बराच वेळ गोंधळून उभी होते.

पायरी दुसरी: राहायचं कुठे

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा, नंतर म्हणू नका. इथे वसतिगृहांना 'हॉल' म्हणतात आणि बरेचसे हॉल प्रतापगंजच्या बाजूला आहेत. पदव्युत्तरच्या जागा मर्यादित असतात, गुणांवर मिळतात, आणि पहिल्या यादीत नाव नसलं तरी दुसरी यादी लागते. तोवर नातेवाइकांकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढा, पण वर्षभराचं भाडं आगाऊ देऊन बसू नका.

बाहेर राहायचं तर फत्तेगंज, सयाजीगंज, निझामपुरा हे भाग सोयीचे. अलकापुरी स्टेशनच्या पलीकडे, महाग. दांडिया बाजार, रावपुरा हा जुना मराठी वस्तीचा भाग. वाडे आता कमी झाले, तरी एखाद्या आजींकडे खोली मिळून जाते. माझी पहिली खोली तशीच होती. जिना अरुंद, पण सकाळी खालून तव्यावरच्या पोळीचा वास यायचा आणि मला घरची आठवण कमी यायची.

खोली बघताना तीन प्रश्न विचारा. पहिला, भाडेकरार किती महिन्यांचा आणि पोलीस पडताळणी कोण करणार. साधारण अकरा महिन्यांचा करार असतो, त्याची प्रत तुमच्याकडे हवीच. दुसरा, स्वयंपाकाचा. कित्येक घरमालक मांसाहार, अगदी अंडंसुद्धा चालवून घेत नाहीत. चालत नसेल तर लपवाछपवी करू नका, सरळ दुसरी खोली शोधा, वर्षभराची कटकट वाचते.

तिसरा प्रश्न मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारायचा: "ऑगस्ट २०२४ मध्ये इथे पाणी कुठवर आलं होतं?" विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध, विद्यापीठाच्या जवळून वाहते. आजवा तलाव भरला आणि वर पाऊस लागला की ती पात्र सोडते. नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यावर, अंगणातही येतात. त्या वर्षी फत्तेगंज परिसरात खालच्या मजल्यावरच्या मुलांची पुस्तकं, लॅपटॉप, मूळ प्रमाणपत्रं गेली. तळमजला स्वस्त मिळत असला तरी माझं मत विचाराल तर नको. घेतलाच तर कागदांची फाइल माळ्यावर ठेवा.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, हेही माहीत असू द्या. गावाकडून येताना कुणी 'सहज' म्हणून पिशवीत काही दिलं तरी आणू नका. त्यात विद्यार्थ्याचं करिअर अडकतं.

जेवणाचं सोपं आहे. टिफिन लावा, पहिल्या महिन्यात दोन-तीन ठिकाणचं खाऊन बघा. वरण-आमटी गोड लागेल, थोड्या दिवसांनी त्याची सवय होते. आणि तिखटाची आठवण आली की शेव-उसळ आहेच. बडोद्याची ही खास डिश म्हणजे आपल्या मिसळीची सख्खी मावसबहीण. तर्री वेगळी मागून घ्यायची, सोबत पाव आणि चिरलेली कांद्याची पात.

पायरी तिसरी: पहिले आठ दिवस पायी फिरा

स्टेशनच्या सयाजीगंजकडच्या बाजूने बाहेर पडलात की विद्यापीठ चालत गाठता येतं. पहिल्या आठवड्यात रिक्षा करू नका. कला शाखेचा मोठा घुमट लांबूनच दिसतो. हे १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज. इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाची, आणि घुमट बघून विजापूरचा गोलघुमट आठवतो. श्री अरविंद याच कॉलेजात शिकवत होते. घुमटाखाली उभं राहून वर बघा, मग विभाग शोधायला लागा.

सगळं विद्यापीठ एका कुंपणात नाही. कला, विज्ञान, वाणिज्य, ललित कला ही मंडळी एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. तंत्रशास्त्र कलाभवनात, राजमहाल रोडच्या बाजूला. संगीत-नाट्य म्हणजे परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागर तलावाकाठी. मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा तीच. पदव्युत्तरचे तास, परीक्षा विभाग, मुख्य कचेरी आणि वाचनालय, या चार जागा आधी पक्क्या करा.

त्याच आठवड्यात हंसा मेहता ग्रंथालयाचं कार्ड काढा. हंसाबेन या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. ग्रंथालयात फक्त पुस्तकं घ्यायला जाऊ नका. जुने लघुप्रबंध आणि प्रबंध मागून वाचा. तुमच्या विषयात आधी काय झालंय, काय राहिलंय ते तिथे दिसतं. सोबत ग्रंथपालांना ई-जर्नल्सचं विचारा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू आहे, त्यातून सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं मोफत वाचता येतात. मोफत असूनही दुसऱ्या वर्षापर्यंत लॉगिन न घेतलेली मुलं मी बघते, तेव्हा वाईट वाटतं.

गुजराती लिपी शिकायला एक रविवार पुरतो. शिरोरेषा मनातल्या मनात पुसून टाका, निम्मी अक्षरं आपोआप ओळखू येतात. ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल आणि अ, इ एवढी वेगळी दिसणारी अक्षरं पाठ करा. सरावाला बसवरच्या पाट्या आणि वीजबिल सगळ्यात चांगलं. अंकही जवळपास आपलेच आहेत.

पायरी चौथी: आपला विभाग सोडून बाहेर पडा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी सोडू नका.

एमएच्या दुसऱ्या सत्रात माझ्याकडे खापऱ्यांची वर्गवारी करायचं काम होतं. उत्खननातून आलेल्या खापऱ्या आधी पाण्यात भिजवायच्या, टूथब्रशने हलक्या हाताने धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. मग प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक निबेने काळ्या शाईत स्थळाची अक्षरं, खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक लिहायचा. वर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे शाई पुसत नाही. हे मी दोन महिने केलं. त्यात चार-पाच लाल खापऱ्या बाकीच्यांहून वेगळ्या लागत होत्या. बोटाला खरखरीत आणि वजनाला जड. मी वहीत 'खरबरीत लाल' एवढंच लिहून पुढे जात होते.

हॉलमधली माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी भूशास्त्रात एमएस्सी करत होती. एका संध्याकाळी तिने टेबलावरची खापरी उचलली, नखाने खरवडली आणि म्हणाली, "यात दगड कुठला आहे, बघू का?" तिच्या सरांची परवानगी घेऊन आम्ही एका तुकड्याचा पातळ छेद केला. खापरी राळेत बसवायची, काचपट्टीला चिकटवायची आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची. एवढी पातळ की दगडातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तिने चकती फिरवली तसे कण करडे, पिवळे, निळे होत गेले. "हा बेसाल्ट," ती म्हणाली. जिथे ही खापरी सापडली त्या गावाच्या आसपास बेसाल्ट नव्हताच. म्हणजे भांडं, निदान त्याची माती, कुठून तरी दुसरीकडून आली होती. माझा लघुप्रबंध त्या संध्याकाळी ठरला. पुढे पीएचडीचा विषयही त्यातूनच निघाला.

ही काही एकट्या माझी गंमत नाही, या जागेचा गुणच तो आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांचे आई-वडील दोघेही याच विद्यापीठात वैज्ञानिक. त्यांनी इथून १९७१ मध्ये भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं, अमेरिकेत भौतिकीतच पीएचडी केली, मग जीवशास्त्राकडे वळले, आणि रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके कलाभवनात आले आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे १९५० मध्ये नुकत्याच निघालेल्या ललित कला शाखेत शिकवायला आले आणि त्या वर्गांतून गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार घडले.

आता हे करायचं कसं? पहिल्या महिन्यातच दोन दुसऱ्या विभागांच्या सूचनाफलकांचे फोटो काढा. चर्चासत्रं, पाहुण्यांची व्याख्यानं बहुतेक खुली असतात. मागच्या बाकावर बसलं तर कुणी उठवत नाही. व्याख्यान संपल्यावर वक्त्याला नाही, त्या विभागातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला गाठा. प्रयोगशाळेत कुठलं यंत्र चालू आहे, कुणाला वेळ आहे, कुठले सर मदत करतात, हे त्यालाच माहीत असतं. मग स्वतःच्या मार्गदर्शकांना सांगून, त्यांच्या सहीचं पत्र घेऊन त्या विभागप्रमुखांकडे जा. रिकाम्या हाताने 'मला शिकायचंय' म्हणू नका. नमुना न्या, तक्ता न्या, एक ठरावीक प्रश्न न्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ललित कला शाखेत वार्षिक डिस्प्ले असतो. शेवटच्या वर्षाची मुलं वर्षभराचं काम मांडतात. स्टुडिओ, व्हरांडे, झाडाखालची जागा सगळं भरून जातं. तुम्ही रसायनशास्त्राचे असा नाहीतर कॉमर्सचे, जा आणि कामासमोर उभ्या असलेल्या मुलाला विचारा की हे कसं केलं. पुरातत्त्व विभागाचा छोटा संग्रहही बघा. साठच्या दशकात शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा स्तूप या विभागानेच उकरला होता. कमाटी बागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, व्हेल माशाचा सांगाडा आहे. तिथून थोडं पुढे बागेतच संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब आंबेडकर परतून बडोद्याच्या नोकरीत आले, पण त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. २३ सप्टेंबर १९१७ ला ते या बागेत झाडाखाली बसले होते. खोली शोधताना नकार मिळालेल्या प्रत्येकाने तिथे एकदा जाऊन यावं असं मला वाटतं.

पायरी पाचवी: पैसे

आधी आधारचं बघा, कारण शिष्यवृत्ती थेट बँकेत येते. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि 'सीडिंग' असणं यात फरक आहे. सरकारी पैसे जातात ते शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालं त्या खात्यात, तुम्ही अर्जात कुठलंही खातं लिहा. मी इथे आल्यावर मेसच्या सोयीसाठी नवं खातं उघडलं. तिथल्या फॉर्मवर आधारची खूण झाली आणि सीडिंग गुपचूप तिकडे गेलं. मी चार महिने शहाद्याच्या खात्याचं पासबुक भरत बसले. नव्या खात्याचं केवायसी अपुरं, म्हणून रक्कम परत गेली. दुसऱ्या सत्राची फी वडिलांनी उसनवारी करून भरली. तेव्हा पहिल्याच आठवड्यात आधारच्या संकेतस्थळावर जाऊन कुठली बँक सीड आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग अर्ज. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे: महिना १५,००० रुपये, वर्षाचे दहा महिने. पदवीच्या गुणांवर मिळते आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावरच भरता येते, दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं असं आहे की तुम्ही ज्या राज्याचे, त्या राज्याने ती द्यायची असते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलांनी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे आधी विचारावं. गुजरातच्या मुलांसाठी डिजिटल गुजरात पोर्टल आहे. पीएचडीला गेलात तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे, महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्चाला. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,०००.

पायरी सहावी: कुठला अर्ज कधी

गेट ही एमटेक-संशोधनाच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची तर अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे तुमचं प्रवेशाचं धावपळीचं सत्र चालू असतानाच.

विज्ञान शाखेतल्यांनी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप सोडू नये. अर्ज दिवाळीच्या आसपास असतात, दोन महिने देशातल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करता येतं. शिफारसपत्र लागतं, आणि पहिल्या सत्रात सरांनी तुम्हाला ओळखलंच नसेल तर ते काय लिहिणार? म्हणून वर्गात प्रश्न विचारा, दिलेला लेख वाचून त्यावर दोन ओळी लिहून दाखवा.

नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या फेरीत. शेवटच्या वर्षाला असताना देता येते, आणि आता तिच्या गुणांवर पीएचडी प्रवेशही होतो. गुजरातची सेट, म्हणजे तशीच राज्य पातळीवरची परीक्षा, आपलंच विद्यापीठ घेतं, म्हणून मुलं ती सहज देऊन टाकतात. पण गुजरातची सेट गुजरातपुरतीच चालते. परत जाऊन जळगाव-नाशिककडे प्राध्यापकी करायची असेल तर महाराष्ट्राची सेट किंवा सरळ नेट द्या. माझ्या दोन मैत्रिणींना हे उत्तीर्ण झाल्यावर कळलं.

पीएचडीचा विचार असेल तर तिसऱ्या सत्रातच मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते विचारा. नियमाने प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी एका वेळी असू शकतात. आवडते सर भरलेले असतील तर उगाच वर्ष घालवू नका.

नोकरीसाठी शहराकडे नीट बघा. कोयलीची इंडियन ऑइलची रिफायनरी, नंदेसरी आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहती, १९०७ पासूनची अलेम्बिक, सन फार्माचं संशोधन केंद्र, सावली गावाजवळ मेट्रोचे डबे बनतात तो कारखाना, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेला टाटा-एअरबसचा विमान कारखाना. रसायन, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, सांख्यिकी यांच्या मुलांनी पहिल्या उन्हाळ्यातच दीड-दोन महिन्यांचं प्रशिक्षण मागावं. ईमेलला उत्तर येत नाही, पण विभागातून पास होऊन तिथे लागलेला एखादा दादा किंवा बेन सापडली की दार उघडतं. त्यांचे नंबर विभागाच्या शिपाईकाकांकडे नाहीतर जुन्या ग्रुपवर मिळतात.

कला शाखेतल्यांना लोक 'पुढे काय?' म्हणून घाबरवतात. आमच्या विषयापुरतं सांगते. चांपानेर-पावागढ बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, २००४ पासून जागतिक वारसा. तिथे उत्खनन केलं ते याच विभागाने. संग्रहालयं, वारसा-प्रकल्प, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडाच्या संस्थेतली पदविका, असे रस्ते आहेत. रस्ता लांब आहे, हे खरं. पण हिवाळ्यात एक पूर्ण हंगाम उत्खननाला जाऊन आलेल्या मुलीला मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

पायरी सातवी: माणसं जोडा

नवरात्रात अभ्यासाच्या वेळापत्रकाला हात लावू नका, ते आपोआपच मोडतं. नऊ रात्री सगळं शहर गरब्यात असतं. ललित कला शाखेचा गरबा साधा, गोल फेर धरून आणि जिवंत गाण्यावर असतो, ओळखीने जायला मिळालं तर जरूर जा. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, सगळे गच्चीवर. त्या दोन दिवसांत दुचाकी चालवायची तर गळ्याला मफलर गुंडाळा, मांजा खरंच कापतो.

मराठी बोलायला मिळेल का, असं आई विचारते. मिळेल. विद्यापीठात मराठी विभाग आहे. शहरात मराठी वाङ्मय परिषद आहे, २०१८ चं ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. गणपतीत दांडिया बाजार, रावपुऱ्यात एक चक्कर मारा. इथली मराठी जरा वेगळी लागते, मध्येच गुजराती क्रियापद डोकावतं. हसू नका. दीडशे-दोनशे वर्षं घरात जपलेली भाषा आहे ती. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० चं, तिथे मराठी पुस्तकं आहेत. वरच्या मजल्याची जमीन जाड काचेची, खालच्या कपाटांवर उजेड पडावा म्हणून. पहिल्यांदा पाऊल टाकताना मी कपाटाला धरून उभी राहिले होते.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. दोन वर्षं फक्त मराठी मुलांच्याच घोळक्यात राहू नका. केरळची, मणिपूरची, श्रीलंकेची, आफ्रिकेतली मुलं तुमच्या हॉलमध्ये असतील. माझ्या खापरीत बेसाल्ट बघणारी मुलगी आसामची होती.

अडलं तर

रॅगिंग झालं तर गप्प बसू नका, राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मुलींसाठी गुजरातची १८१ 'अभयम', रात्री-अपरात्रीही चालू. मन फारच खचलं तर टेली-मानस, १४४१६. मार्गदर्शकाशी पटत नसेल तर आधी लेखी, तारखेनिशी भेटींची नोंद ठेवा, मग विभागप्रमुखांशी बोला. माझ्या ओळखीच्या एकाने दोन वर्षं हे मनात ठेवलं, शेवटी विषय सोडला. पहिल्या सहा महिन्यांत बोलला असता तर मार्गदर्शक बदलून मिळाला असता.

जाताना

चौथ्या सत्राची परीक्षा संपली की लगेच गाडी पकडू नका. ग्रंथालय, हॉल, प्रयोगशाळा यांचे 'नो ड्यूज' घ्या, अनामत रक्कम परत मागा. परदेशी अर्ज करायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार संच आत्ताच काढा, नंतर गावाहून येणं-जाणं महाग पडतं. मायग्रेशन पुन्हा इथूनही लागेल, पीएचडी दुसरीकडे असेल तर. पदवीदान समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची तारीख विभागाच्या ग्रुपवर येते, म्हणून ग्रुप सोडू नका. लघुप्रबंधाची एक जादा प्रत बांधून विभागाच्या कपाटात ठेवून जा. पुढच्या वर्षी येणारी मुलगी तुमचा विषय कुठवर आला ते त्यातच शोधणार आहे.